बळ आणि हिसका

बळाची परीक्षा वेगांतच होते काय? भिसेगांवालगत कर्जत स्थानकांत, बोरघाटाच्या 37 फुटांस 1 फूट अशा चढणीसाठीं अनेक गाड्यांस मागून इंजिनें लावतात. त्यांचें कौशल्य प्रारंभींच्या मंद रेट्यांत दिसतें. स्पोर्ट्स मोटार गल्लींत हिसके देऊं लागली, कीं आपण तिच्या बळास दोष देतों. जुन्या बनावटीच्या मोटारींत मात्र अनेकदां अपराधी असते ती अ‍ॅक्सिलरेटरची सैल तार: पाय प्रथम व्यर्थ दबतो, मग हवेची झडप एकदम उघडते. तार आंवळावी, पण अति आंवळल्यास झडप पुरती मिटत नाहीं, उभी मोटारही धडधडत राहते.

मनुष्याचें तरी निराळें काय? वेळीं बोलावयाचें तें जो दाबून ठेवतो, तोच पुढें एकाएकीं कठोर होतो. सदैव ताणलेल्यास विसावाच नाहीं. बळ घटविणें हा संयम नव्हे; तें हळू देतां येणें, हाच संयम होय.