झाकलेला पट

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही खेळाडूंना सारे काही दिसते. आपला हत्ती कोठे आणि समोरच्याचा घोडा कोठे, ह्याविषयी संदेह नसतो. हरणारा हरतो तो न दिसल्यामुळे नव्हे, न सुचल्यामुळे. आमची मुले संगणकावर युद्धाचे जे डावपेची खेळ खेळतात, त्यांपैकी काहींतही शत्रूची प्रत्येक तुकडी नकाशावर उघडी मांडलेली असते. काही चिकित्सक खेळाडूंना मात्र हे खोटे वाटते. ते खेळाचे नियमच बदलून घेतात. हेराने पाहिले तेवढेच दिसावे, निरोप उशिरा पोहोचावा, क्वचित तो चुकीचाही असावा, अशी योजना ते करतात. आपण होऊन आपली दृष्टी कमी करून घेण्याचा हा हट्ट आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

हट्ट तसा जुनाच आहे. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्स ह्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली युद्धाभ्यासाचा एक खेळ प्रसिद्ध केला. त्यात दोन्ही पक्षांच्या मध्ये पंच बसे. खेळाडूंनी आपले हुकूम त्याच्याकडे द्यायचे आणि त्यांच्या सैन्याला जे दिसू शकेल तेवढेच त्याने त्यांना दाखवायचे. पुढे १८९९ साली हेन्री टेम्पल ह्या इंग्रज गृहस्थाने हीच कल्पना बुद्धिबळात आणली. पट तीन, मोहरी आपापली, आणि दोन्ही बाजू पाहणारा एकटा पंच.

आपल्या कोल्हापूरच्या माणसाला ह्याचा अर्थ पन्हाळ्यावरून चटकन उमगेल. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा सुमारे चार महिने चालला. शरणागतीची बोलणी सुरू झाली, पहारे सैलावले आणि जुलैतील पावसाळी रात्री शिवाजी महाराज निसटले. पाठलाग करणाऱ्यांच्या हाती लागलेल्या पालखीत महाराज नसून शिवा काशीद होते, असे परंपरा सांगते. घोडखिंडीत झुंजणाऱ्या बाजीप्रभूंना विशाळगडावर काय चालले आहे हे दिसत नव्हते. महाराज पोहोचल्याची तोफ ऐकू येण्याची ते वाट पाहत होते. आपण ही कथा शेवट ठाऊक असताना वाचतो. त्यांना तो ठाऊक नव्हता. पट उघडा असता तर त्या निष्ठेचा केवळ हिशेब उरला असता.

मग ‘ठाऊक नव्हते’ एवढे म्हटले की मनुष्य दोषमुक्त होतो काय? संत थॉमस अक्वायनस ह्यांनी येथे भेद केला आहे. प्रयत्न करूनही जे दूर होत नाही, ते अज्ञान दोषास पात्र नाही. परंतु जे जाणणे शक्य होते आणि कर्तव्यही होते, ते आळसाने टाळले तर तो दोषच होय. झाकलेल्या पटावर हेर न पाठवणारा खेळाडू अंधाराला बोल लावू शकत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेले. नदीकाठच्या कित्येकांनी २००५ च्या पुराची खूण प्रमाण मानली आणि ते घरातच थांबले. पाणी ओसरल्यावर ‘आधीच का निघाला नाहीत?’ असे विचारणे सोपे होते, कारण विचारणाऱ्यापुढे पट उघडा होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला, तेव्हा मात्र २०१९ ची खूण सर्वांसमोर होती. तोच प्रश्न त्या वेळी अधिक न्याय्य ठरला.

आपल्या घरांतही असे निवाडे नित्य होतात. वडिलांनी जमीन स्वस्तात विकली, थोरल्या भावाने आईला मोठ्या इस्पितळात उशिरा नेले, मुलीचे स्थळ नीट पारखले नाही, असे आरोप वर्षानुवर्षे जेवणाच्या पानावर वाढले जातात. काहींनी तर त्यापायी एकमेकांच्या घरची पायरीही सोडली आहे. अशा वेळी निवाडा करणाऱ्याने दोन प्रश्न स्वतःस विचारावेत. त्या दिवशी त्या माणसाला काय दिसत होते? आणि जे दिसत नव्हते, ते पाहण्याची खटपट त्याने केली होती काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर नुकसान कितीही मोठे असो, आपण त्याला दोषी ठरवू नये. आणि ते उत्तर ठाऊकच नसेल, तर रागावण्याआधी त्याच्यापाशी जाऊन विचारावे. हेर पाठवण्याचे कर्तव्य निवाडा करणाऱ्यालाही चुकलेले नाही.