त्वरा आणि अचूकता

त्वरा श्रेष्ठ की अचूकता, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडांगणावरचा वाटतो. परंतु किंचित विचार केला असता तो आपल्या नित्य आचरणाचाच आहे, असे दिसून येईल.

काही दिवसांपूर्वी साताऱ्याच्या मुलांचा एक संघ सांगलीस खेळावयास आला होता. सांगली ही विजय हजारे यांची जन्मभूमी. तेव्हा येथील प्रेक्षकांस मर्मज्ञतेचा अभिमान असावा, हे साहजिकच होय. शेवटच्या चेंडूवर यजमानांस विजयासाठी दोन धावा हव्या होत्या. एक पुरी करून फलंदाज दुसरीसाठी वळले. साताऱ्याच्या एका मुलाने चेंडू उचलला आणि पाय स्थिरावण्यापूर्वीच तो भिरकावला. चेंडू यष्टींस चुकला, यष्टिरक्षकासही चुकला आणि सामना गेला. ‘घाई नडली,’ असे माझ्या डावीकडील गृहस्थ म्हणाले. ‘थांबला असता तरी धाव झालीच असती,’ असे उजवीकडील. दोघांचेही म्हणणे खरे होते.

हवेचा अवरोध सोडून दिला, तर ३० मीटर अंतर सेकंदास ३० मीटर वेगाचा चेंडू १ सेकंदात तोडतो, २५ मीटर वेगाचा १.२ सेकंदात. तेवढ्या फरकात सेकंदास ७ मीटर धावणारा फलंदाज १.४ मीटर पुढे सरकतो. तेव्हा त्वरा तुच्छ नव्हे. उलटपक्षी तिन्ही यष्टींची मिळून रुंदी अवघी २२.८६ सेंटिमीटर, तितक्या अंतरावरून नेम अर्ध्या अंशाने ढळला, तरी चेंडू बाजूने निघून जातो.

मग करावे काय? ब्रिस्बेन येथे १४ डिसेंबर १९६० रोजी, दोन्ही संघांच्या धावा समसमान असता, वेस्ट इंडीजच्या जो सॉलोमनने बाजूने यष्टी वेधली आणि कसोटी बरोबरीत सुटली. त्याच नगरीत ८ मार्च १९९२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या जाँटी ऱ्होड्सने चेंडू फेकलाच नाही; तो हातात घेऊन धावत आला आणि यष्टींवर झेपावला. पहिल्याने फेकले, दुसऱ्याने फेकले नाही. पण दोघांनीही त्वरा केली ती चेंडूकडे धावण्यात. निर्णयाच्या क्षणी लागणारी स्थिरता त्यांनी आधीच्या तत्परतेने मिळवून ठेविली होती.

हे सुचले तेव्हा मला माझाच एक अपराध आठवला. परीक्षेच्या दालनात एका विद्यार्थ्याच्या हाती घडी घातलेला कागद पाहून, काही न विचारता, मी त्यास बाहेर काढिले. ते त्याचे प्रवेशपत्र निघाले. तो परत येऊन बसेपर्यंत वीस मिनिटे गेली होती आणि त्याचा शेवटचा प्रश्न राहिला. माझ्या चुकलेल्या फेकीची धाव त्या मुलाच्या नावे पडली.

मी मंद असावयास हवे होते, असे नव्हे. कॉपीकडे डोळेझाक करणे हा इतर मुलांवर अन्याय ठरला असता. परंतु त्याआधीचा तासभर मी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचीत होतो. तो तास दालनात फिरण्यात घालविला असता, तर ‘हे काय आहे, बाळ?’ एवढे विचारण्यास मजपाशी खचित वेळ उरला असता.