उंचीचे भय आणि ईमान

गेल्या हिवाळ्यात सांगलीच्या आमच्या मकतबमधील मुलांना घेऊन मी साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर गेलो होतो. दरवाजा ओलांडताच मुले तटाकडे धावली. बारा वर्षांचा एक मुलगा मात्र बुरुजाच्या पायऱ्यांशीच थबकला. त्याचे पाय कापत होते. एकाने त्याला मागून ढकलल्यासारखे केले, दुसरा हसून म्हणाला, "अल्लाहवर भरवसा नाही का तुझा?" खेदाने कबूल करतो की, मी गप्प राहिलो. कड्याजवळ माझेही डोके गरगरते आणि ते मुलांना कळू नये, असे मला वाटत होते.

भय वाटणे हे दुर्बल ईमानाचे लक्षण आहे काय? जादूगारांच्या दोऱ्या व काठ्या धावताना भासल्या तेव्हा हजरत मूसा (अलै.) यांच्या मनात भय दाटले, असे पवित्र कुरआनच्या 'ताहा' या अध्यायात आले आहे. अल्लाहने त्यांना दूषण दिले नाही, धीर दिला. उंचीचे भय हा तर निर्माणकर्त्याने देहाच्या रक्षणासाठी नेमलेला पहारेकरी आहे. पहारेकरी असावा; त्याने घराचा मालक होऊ नये, इतकेच.

दोष होता तो हसणाऱ्यांचा आणि गप्प राहणाऱ्याचा. 'हुजुरात' या अध्यायात एकमेकांचा उपहास निषिद्ध ठरविला आहे. थट्टेनेही आपल्या बांधवाला घाबरविणे आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अवैध ठरविले आहे.

मग या भयावर उपाय कोणता? पहिला, सावधगिरी. कठडा नसलेल्या छतावर झोपण्यास प्रेषितांनी मनाई केली. उंट आधी बांधा, मग भरवसा ठेवा, हीच त्यांची शिकवण. कठड्याशिवाय कडा गाठणे म्हणजे तवक्कुल नव्हे. दुसरा, जिक्र. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की, चढ चढताना सहाबा तकबीर म्हणत आणि उतरताना तसबीह. जो चढ आपल्याला मोठा वाटतो, त्याहून अल्लाह मोठा आहे, हे पावलागणिक स्मरावे. तिसरा, सबुरी. आज चार पायऱ्या, उद्या सहा. भय नित्याच्या व्यवहारात आड येत असेल, तर वैद्यकीय उपचार घ्यावेत. उपचार घेणे ही सुन्नतच आहे.

आणि चौथा उपाय, सोबत. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगलीला वेढले, तेव्हा माणसांना छतांचा व वरच्या मजल्यांचा आश्रय घ्यावा लागला. आमच्या गल्लीतील एक वृद्ध माता लोखंडी शिडीला भीत होती. कोणी तिच्या ईमानाची परीक्षा घेतली नाही. दोघांनी शिडी धरली, एकाने हात दिला, आणि ती वर पोहोचली.

ती माता मला गडावरच आठवली. परतण्यापूर्वी मी सर्व मुलांसमोर त्या मुलाला म्हणालो, "बेटा, मलाही भीती वाटते. चल, दोघे मिळून जाऊ." ढकलणाऱ्याने त्याची माफी मागून दुसरा हात धरला. प्रत्येक पायरीवर तकबीर म्हणत आम्ही सात पायऱ्या चढलो. आठवीवर तो थांबला. आम्हीही थांबलो. त्या दिवशी तेवढेच पुरेसे होते.

अल्लाह आपल्याला भयात धीर देवो आणि भयभीताचा हात धरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.