हवेचा हंस आणि पाळीकडचं पाणी

मे महिन्यात गोंदियाच्या बाजारात दुकानांपुढे हवेचे हंस, म्हणजे हंसाच्या आकाराच्या पोहायच्या रिंगा, टांगलेले दिसतात. भाच्यासाठी मीही एक घेतला. बिल मिळालं नाही. खोक्यावर ना कंपनीचा पत्ता, ना आयएसआयची खूण. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती खूण सक्तीची आहे, असं मी म्हणून पाहिलं. "मास्तर, पोराला हंस पाहिजे का खूण?" दुकानदार म्हणाला. भाचा अर्थातच त्याच्या बाजूचा.

घरी आल्यावर हवा भरायचं तोंड तपासलं. त्याच्या आत प्लॅस्टिकची एक पातळ जीभ असावी लागते. बूच निघालं तरी हवा एकदम जाऊ नये, म्हणून. आमच्या हंसाला जीभच नव्हती. बूच काढलं की फुस्स. त्यात आपला उन्हाळा! ४५ अंशांत फुगवलेली रिंग २८ अंशांच्या पाण्यात टाकली की आतली हवा जवळपास ५ टक्क्यांनी आक्रसते आणि हंस मान टाकतो. बाप आणखी फुंकतो. मग तोच हंस पुन्हा उन्हात तापला की ताण येतो तो जोडावर.

अमेरिकेत २००९ साली ॲक्वा-लेझर या कंपनीचे लहान मुलांचे सुमारे ४० लाख फ्लोट परत मागवले गेले. बैठकीचे पट्टे फाटून मुलं पाण्यात पडत होती. अशा तक्रारी अवघ्या ३१, आणि इजा एकालाही नाही. तरी माल परत गेला. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला धोकादायक माल परत घ्यायला लावण्याचा अधिकार दिला आहे. पण माझा हंस कोण परत बोलावणार? बनवणाऱ्याचं नाव नाही, घेणाऱ्याची नोंद नाही.

समजा, हंस निर्दोष मिळाला. अशा खेळण्यांवर एक सूचना छापतात: मुलाचे पाय टेकतील एवढ्याच पाण्यात, मोठ्यांच्या नजरेखाली वापरा. ही सूचना सपाट तळाच्या हौदासाठी ठीक आहे. आमच्या जिल्ह्यात पाणी म्हणजे मालगुजारी तलाव, इटियाडोह, नवेगावबांध. मालगुजारी तलावात येव्याच्या बाजूला पाणी उथळ आणि पाळीलगत, म्हणजे बांधाकडे, सर्वांत खोल. डबा खायला मंडळी बसतात ती नेमकी पाळीवरच्या झाडाखाली. कुठे गाळ, कुठे मुरूम उपसलेला. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्यावरून जाणाऱ्या पाण्यात. वरून वारा. हलका हंस मधोमध जायला कितीसा वेळ लागतो? रिंगच्या भरवशावर बापही गप्पांत रमतो, आणि माझ्या लेखी फाटक्या जोडापेक्षा हा भरवसा वाईट.

आम्ही तलावावर गेलो तेव्हा एक ढिवरभाऊ ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकत होते. आमचा हंस पाहून काठाशी आले. "पारीकडं नोका सोडू जी," म्हणाले, "तिकडं तुडूम आहे." मी त्यांच्या ट्यूबकडे पाहत होतो. तिच्यावर तीन ठिगळं होती. कुठलं कधी लावलं, तेही त्यांनी सांगितलं.