नश्वराची निगा

वस्तू नाशवंत आहे हे एकदा पटलं, की तिची काळजी घेणं ही आसक्ती ठरते की कर्तव्य? हा प्रश्न आपल्याकडे देहाच्या संदर्भात शेकडो वर्षं विचारला गेला आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा वैराग्याकडे झुकतं. पण धुळे-जळगाव भागात अहिराणी गाणी ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्या माणसापुढे तो अगदी ठोस रूपात उभा राहतो. गाणी ज्या संगणकात साठवायची तो इंटरनेटपासून तोडून ठेवावा, ही या कामातली शहाणी पद्धत. मुद्रण चालू असताना मध्येच कुठला अपडेट सुरू होत नाही, बाहेरून कोणी आत शिरत नाही, सगळी ताकद आवाज टिपण्याकडे लागते. मात्र असा संगणक एकदा बसवला, की त्याच्याकडे पाहायची गरज संपली असं मानलं जातं. ही समजूत तांत्रिकदृष्ट्या चूक आहेच. पण ती धर्मविचारातल्या एका जुन्या गैरसमजाचंच रूप आहे, असं माझं म्हणणं आहे. जगापासून दूर राहणं म्हणजे निगेतून सुटका, हा तो गैरसमज.

आधी त्या संगणकावर काय सोपवलेलं असतं ते पाहू. खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. रोट होतात, रात्रभर जागर होतो, बाया अहिराणीत गाणी म्हणतात आणि सोमवारी विसर्जन होतं. एखादी आजी जे गाणं ज्या चालीत म्हणते, ते पुन्हा ऐकायला वर्ष थांबावं लागतं, आणि पुढच्या वर्षी ती आजी असेलच असं नाही. जळगावजवळच्या असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरच्या माणसांनी जे कागदावर उतरवून घेतलं, ते त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपानं आलं. शब्द वाचले ते या उतरवून घेण्यामुळे. जात्यावर बसलेल्या बाईचा श्वास, तिचं थांबणं, ओळीच्या शेवटी आवाज कुठे उतरतो, हे कागदाच्या हाती लागत नाही. ते टिपणारं साधन आज आपल्याकडे आहे. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या दर्जाचं दोन वाहिन्यांचं एक तासाचं मुद्रण साधारण एक जीबी जागा घेतं. अख्खी जागराची रात्र एका पेन ड्राइव्हवर सहज मावते. एवढ्या छोट्या जागेत एवढं मोठं धन सामावतं, म्हणूनच ते सांभाळण्याची जबाबदारीही वाढते.

आता तोडून ठेवलेल्या संगणकाचं काय होतं ते पाहा. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पंख्यावर धूळ साचते, प्रोसेसर तापला की आपला वेग स्वतःच कमी करतो आणि मुद्रणात बारीक खंड पडतात. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काही वर्षांनी संपतो, मग यंत्राची तारीख चुकते, आणि तारखेवर अवलंबून असलेली लायसन्स अडून बसतात. नवा ऑडिओ इंटरफेस आणला तर त्याचा ड्रायव्हर जुन्या प्रणालीवर चालेलच असं नाही. विंडोज १० चा नियमित आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आणि बाहेरचं जग आत येतच नाही, हेही खरं नाही. इराणमधल्या नतान्झ इथली अणुयंत्रणा इंटरनेटपासून वेगळी होती, तरी २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम पेन ड्राइव्हच्या वाटेनं तिथपर्यंत पोहोचल्याचं मानलं जातं. गाणं आत-बाहेर न्यायला तीच वाट आपणही वापरतो. म्हणजे एकांत ही एकदा मिळवून ठेवायची स्थिती नव्हे. ते रोज पाळायचं व्रत आहे. वनात गेलेल्या साधकाचं स्नान, आहार, अभ्यास सुटत नाही. उलट, चुकलं तर टोकणारं कोणी जवळ नसल्यामुळे त्याला नियम अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो.

या विचाराचा भक्कम आधार धुळ्यातच आहे. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून हस्तलिखितं गोळा केली. त्यांनी उभारलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात ती जपली आहेत, आणि त्यांत समर्थ रामदासांच्या हातचं वाल्मीकी रामायणही आहे. देह मिथ्या आहे हे ज्या रामदासांनी वारंवार सांगितलं, त्यांनीच दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला. शाई कशी असावी, ओळींतलं अंतर किती ठेवावं, पहिलं आणि शेवटचं अक्षर एकाच हातचं कसं दिसावं, इतक्या तपशिलात ते उतरतात. त्यातली एक सूचना मला फार मोलाची वाटते: पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झिजून झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. कागद झडणार हे इथे गृहीतच धरलं आहे. पण त्यातून कागदाची उपेक्षा निघत नाही, समास सोडण्याची शिस्त निघते. नश्वरतेचं ज्ञान आणि निगा यांत विरोध नाही, पहिल्यातूनच दुसरी जन्माला येते.

यावर पहिला आक्षेप कामाचं भान असलेल्या माणसाचा असतो: नीट चाललंय ना, मग हात कशाला लावता? बदल केला आणि बिघडलं तर? हा आक्षेप अर्धा खरा आहे. श्रावणाच्या तोंडावर कोणी प्रणाली बदलू नये. पण कामाचे दिवस टाळून, आधी अख्ख्या डिस्कची प्रत काढून, अपडेट दुसऱ्या संगणकावर उतरवून, निर्मात्यानं दिलेला चेकसम, म्हणजे फाइलची पडताळणी-संख्या, ताडून, मग तो पेन ड्राइव्हनं आत नेऊन लांबलचक चाचणी-मुद्रण केलं, तर बिघडलं तरी कालच्या स्थितीत परतता येतं. वेदपाठींनी पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचले. शब्द उलटसुलट क्रमानं म्हटल्यावर चुकलेलं अक्षर लगेच उघडं पडतं. चेकसम ताडून पाहणं हे त्याच वृत्तीचं काम आहे: प्रतीवर भोळा विश्वास नाही, आणि प्रत काढण्याचं भयही नाही. शिवाय हात न लावलेली वस्तू तशीच राहते, हे गृहीतकच कच्चं आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात सत् म्हणजे काय ते सांगताना उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य ही तिन्ही एकत्र धरली. त्या दृष्टीनं पाहिलं तर यंत्र आपण बदललं नाही तरी बदलतच असतं. बदल डोळसपणे करायचा की नकळत होऊ द्यायचा, एवढीच निवड आपल्या हाती असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. गाणं कंठात जगतं. यंत्रात कोंडलेला आवाज हे त्याचं प्रेत, मग त्यासाठी एवढा खटाटोप का? गाणं गायल्यानंच जगतं, हे मला पूर्ण मान्य आहे. कोणतंही मुद्रण सासूकडून सुनेकडे जाणाऱ्या चालीची जागा घेऊ शकत नाही. पण ती साखळी तुटते तेव्हा पुन्हा शिकायचं कोणाकडून? नाशिक, पुणे, सुरतेत स्थिरावलेल्या घरातल्या मुलीला आजीची चाल हवी असेल, तर मुद्रण हाच तिचा गुरू. आणि शिकणाऱ्याच्या हाती तुटक, खरखरीत आवाज पडणार असेल, तर दोष काळाचा नाही, आपल्या आळसाचा आहे.

राहतो तो विरक्ताचा आक्षेप: शेवटी सगळंच जाणार, डिस्कही आणि तिची प्रतही. जाणार हे खरंच. पण माझ्या मालकीच्या वस्तूविषयी मी विरक्त होऊ शकतो; दुसऱ्यानं विश्वासानं ठेवायला दिलेल्या वस्तूविषयी विरक्ती दाखवणं हा सरळसरळ विश्वासघात आहे. आजीनं आवाज दिला तो मुद्रण करणाऱ्याला नव्हे, पुढच्या पिढीला. मुद्रण करणारा हा फक्त मधला विश्वस्त. म्हणून फलाची आस सोडायला सांगणारी शिकवण इथे काम सोडायला सांगत नाही. नावाचा आणि मालकीचा मोह सोडायला सांगते. या मोहाची खरी परीक्षा एका साध्या गोष्टीत होते. संगणक कसा उघडायचा, कोणती आवृत्ती बसवली आहे, प्रती कुठे ठेवल्या आहेत, शेवटची तपासणी कधी झाली, हे साध्या मराठीत वहीत लिहून दुसऱ्याच्या हाती दिलं आहे का? सगळं आपल्याच डोक्यात ठेवणारा यंत्राला चिकटलेला असतो, मग तो तोंडानं कितीही वैराग्य सांगो. आपल्यानंतरही निगा चालू राहील अशी सोय करून ठेवणं, यालाच मी या कामातली अनासक्ती म्हणेन.