तिसऱ्या मुलाचा अपराध

६ एप्रिल २०१७ पासून ब्रिटनमधल्या गरीब घरात तिसरे मूल जन्मले, तर युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीतला मुलांचा भत्ता त्याला मिळेनासा झाला. पहिल्या दोघांचा तेवढा चालू राहिला. स्वतःच्या कमाईवर जगणारी माणसे ऐपत पाहून मुले होऊ देतात, मदतीवर जगणाऱ्यांनीही तसेच वागावे, हा सरकारचा युक्तिवाद. ऐकायला रास्त वाटतो. पण या नियमाचा फटका बसलेल्या निम्म्याहून अधिक घरांतले कोणी ना कोणी रोज कामावर जात होते. शिवाय नोकरी सुटणे, जोडीदार सोडून जाणे, आजारपण, यांतले काहीच ऐपत पाहून येत नाही.

आईबापांच्या निर्णयाचे फळ लेकराने का भोगावे?

या धोरणात काही अपवाद होते, त्यांतला एक असा. बलात्कारातून जन्मलेल्या मुलाला भत्ता मिळे. मात्र आईला ती गोष्ट अर्जात सांगावी लागे. म्हणजे आई ‘निर्दोष’ ठरली, तरच मूल पात्र. भुकेला पात्रता लावत गेले की माणूस इथवर येऊन पोहोचतो.

ही विचारसरणी जुनी आहे. १७९८ साली लोकसंख्येवर निबंध लिहिणारा माल्थस चर्च ऑफ इंग्लंडचा धर्मोपदेशक होता. मदतीने गरिबांची संख्याच वाढते, असे त्याचे मत. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्यानुसार निराधारांसाठीच्या वर्कहाउसमधले जिणे मुद्दाम बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षा हलाखीचे ठेवले गेले. त्याच चर्चमधले डरहॅमचे तत्कालीन बिशप पॉल बटलर यांनी मात्र हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये दोन मुलांची ही मर्यादा उठवण्याचे विधेयक मांडले. धर्मसंस्थेने घ्यायची भूमिका हीच होती.

दानधर्माने हे भागेल का? ट्रसेल या संस्थेच्या फूड बँकेत शिधा घ्यायचा तर सहसा डॉक्टर, शाळा किंवा सल्ला केंद्राची चिठ्ठी लागते. लंडनमधल्या साउथॉलच्या गुरुद्वारात लंगरच्या पंगतीला बसणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. न विचारता वाढणे हेच अधिक माणुसकीचे. तरीही लंगरमधून घरभाडे भरता येत नाही, आणि निवासाचा खर्च वजा करून मोजले तर २०२३-२४ मध्ये ब्रिटनमधली सुमारे ४५ लाख मुले दारिद्र्यात होती. तिथे राज्यसंस्थाच लागते.

नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात दोन मुलांची ही मर्यादा एप्रिल २०२६ पासून उठवण्याची घोषणा झाली. एका घराला मिळणाऱ्या एकूण मदतीवरची कमाल मर्यादा मात्र तशीच ठेवली आहे. जी मोठी कुटुंबे आधीच त्या मर्यादेला टेकलेली आहेत, त्यांच्या हाती यातून एक पेनीही जास्त पडणार नाही.