आघात इथे, भेगा तिथे



१९७४ साली ‘मरिनर १०’ हे यान बुध ग्रहाजवळून गेले. त्याने पाठविलेल्या छायाचित्रांत एका विशाल खोऱ्याचा अर्धा भाग दिसला. उरलेला अंधारात होता. अब्जावधी वर्षांपूर्वी अवकाशातून आलेला एक प्रचंड पाषाण तिथे आदळला होता. या खोऱ्याचे नाव कॅलोरिस. २००८ मध्ये ‘मेसेंजर’ यानाने ते संपूर्ण पाहिले, तेव्हा त्याचा व्यास सुमारे १,५५० किलोमीटर असल्याचे कळले.

याहून विचार करायला लावणारी भूमी मात्र ग्रहाच्या नेमक्या विरुद्ध बाजूस आहे. तिथे टेकड्या, खोल चर आणि कडा ढासळलेली विवरे दूरवर पसरली आहेत. कॅलोरिसच्या आघाताचे हादरे ग्रहाच्या पोटातून आणि पृष्ठभागावरून पसरत गेले, पलीकडे एकत्र आले आणि त्यांनीच ही भूमी फोडली, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

वाचकहो, पाषाणाला इच्छा नसते, म्हणून त्याला हिशेबही नाही. आपल्याला दोन्ही आहेत. लग्नाच्या मांडवात कुणी सहज एका मुलीची गीबत करतो आणि परगावी तिचे ठरत आलेले नाते मोडते. भाऊ बहिणीचा वारसाहक्क दाबून ठेवतो आणि दूर तिच्या घरी भाच्याचे शिक्षण थांबते. आघात करणारा आपल्या बाजूस निश्चिंत असतो. भेगा पलीकडे पडतात, जिथे त्याची नजर जात नाही.

अल्लाहपासून मात्र कोणतीही बाजू अंधारात नाही. सूरह ज़िलज़ाल आपल्याला बजावते की, त्या दिवशी धरती स्वतः आपला वृत्तांत सांगेल आणि कणभर भलाई व कणभर बुराईही माणसासमोर येईल. निर्जीव बुधाने एका आघाताची खूण एवढा काळ जपली. मग आपल्या पायाखालची ही धरती साक्ष द्यायला उभी राहील, यात नवल ते काय?

म्हणून तौबा केवळ मुसल्ल्यावर पूर्ण होते, असे समजू नका. नमाजमधील उणिवेची क्षमा अल्लाहकडे मागावी. परंतु हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, परत करावे लागतात किंवा हक्कदाराकडून माफ करून घ्यावे लागतात. बहिणीचा हिस्सा तिच्या हाती द्या. ज्या मंडळींसमोर कुणाची अब्रू घालवली, त्यांच्यासमोरच तिची चांगली बाजू सांगा. ती जमीन आपल्या हयातीतच सावरता येते.

अल्लाह आपल्याला पलीकडच्या भेगा पाहण्याची दृष्टी आणि त्या बुजवण्याची तौफीक देवो. आमीन.